कमी धक्क्याची काडतुसं

आमच्या घराला पुढचं दार होतं, पण व्हिमकाका नेहमी मागच्या दारानं यायचे. टिलबर्गच्या बाहेर, जिथे शहरातली बस वळून परत फिरते आणि मक्याची शेतं सुरू होतात, तिथे सात घरांची एक रांग होती. त्यातलं सहावं आमचं आणि सातवं, मागे कोंबड्यांचं खुराडं असलेलं, त्यांचं. मागच्या दाराच्या काचेवर दोनदा टकटक झालं की आई कुकरखालची आच कमी करायची, कारण शिट्टी झाली की ते दचकायचे. जन्मभर बंदुका चालवलेला माणूस कुकरला घाबरतो, याचं आईला फार हसू यायचं. ते आत यायचे, चिखलाचे बूट दारातच काढायचे, आणि बाबांनी शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात जोडून "याय भीम" म्हणायचे. त्यांच्या भाषेत ज चा उच्चार य होतो. मग टेबलाच्या त्याच खुर्चीवर बसायचे, खिडकीकडे पाठ करून, आणि आई न विचारताच त्यांच्यापुढे चहा आणि तिळाची चटणी लावलेली अर्धी पोळी ठेवायची. त्या पोळीला ते 'रोल' म्हणायचे.

त्यांचं वय तेव्हा सत्तरीच्या आसपास असेल. बायको गेलेली, गाई विकलेल्या, दोन मुलगे दूर शहरांत. आम्ही पुण्याहून आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात आई सायकल शिकताना बर्फावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. बाबा कामावर होते. व्हिमकाकांनी तिला उचलून स्वतःच्या गाडीत घातलं, हॉस्पिटलात नेलं, आणि पुढचे दोन महिने दर आठवड्याला हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या डॉक्टरकडे, तेच नेत राहिले. आई त्यांच्याशी मराठीत बोलायची, ते तिच्याशी डचमध्ये, आणि मागच्या सीटवर शाळा बुडवून मी बसलेला असायचो. मला भाषा लवकर आली. त्यामुळे डॉक्टरचं आईला आणि आईचं डॉक्टरला मीच सांगायचो. तिचं दुखणं माझ्या तोंडून जायचं. दुखणं सांगायला ती मुलावर अवलंबून आहे, याचं तिला काय वाटत असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात कधी आला नाही. मला मोठं झाल्यासारखं वाटायचं, एवढंच आठवतं.

तर ज्या दुपारी हे सगळं सुरू झालं, तेव्हा मी अठरा पूर्ण केली होती आणि व्हिमकाका आमच्या टेबलाशी बसून चहा पीत होते. बाबाही घरी होते. काका म्हणाले की त्यांच्या मुलांना शिकारीत रस नाही, त्यांच्यानंतर त्यांचं रान कुणी बघणार नाही, आणि मी शांत मुलगा आहे, मला शांत बसता येतं. शिकारीचा कोर्स शरद ऋतूत सुरू होतो. मला आवडेल का? मी म्हणालो, "हो, छान वाटेल."

हे वाक्य मी पुढे हजार वेळा मनात फिरवलं आहे. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसानं घरी येऊन काही विचारलं, तर तोंडावर नाही म्हणत नाहीत. "हो, बघू की," म्हणायचं. समोरच्यालाही कळतं, आपल्यालाही कळतं, आणि विषय तिथेच मोडतो. कोणाचा अपमान होत नाही. लग्नाच्या बैठकीपासून जेवायच्या आमंत्रणापर्यंत आमचं सगळं असंच चाललेलं. मी तेवढंच केलं होतं. पण व्हिमकाकांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी डायरी काढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि लिहिलं: सुमेध, कोर्स, शनिवार. डायरीत लिहिलं की ती गोष्ट झाली. या देशात माणूस 'हो' म्हणाला तर तो 'हो' म्हणाला. आज मी ॲमस्टरडॅमच्या झुइडासमध्ये, म्हणजे बँका आणि कंपन्यांच्या भागात, अशा माणसांबरोबर काम करतो, जे भर मीटिंगमध्ये साहेबाला "नाही, मला हे पटत नाही" म्हणतात आणि नंतर त्याच साहेबाबरोबर जेवायला जातात. पंचवीस वर्षं मी ते बघतोय. अजून जमत नाही.

त्या रात्रीच्या जेवणानंतर मी बाबांना म्हटलं, मला नाही जायचं. बाबा भांडी पुसत होते. म्हणाले, "अरे, या गावात आपल्याला कोण ओळखतं? हा माणूस तुला घरचा समजतो. त्यानं आईचं काय काय केलं, विसरलास?" मग जरा थांबून, "आणि आजोबांनी तर तीस वर्षं काडतुसं भरली." ते खरं होतं. माझे आजोबा पुण्यात दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. हजारो काडतुसं त्यांच्या हाताखालून गेली, पण त्यांनी एकही कधी उडवलं नाही. घरी आले की कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग बुद्धवंदनेला बसायचे. बाबांनी आजोबांचं नाव कशासाठी घेतलं ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. शेवटी म्हणाले, "आईला आत्ताच नको सांगू. पक्षी मोजायला जातोय म्हण. कोर्समध्ये पक्षी असतातच की."

पक्षी होते हे खरं. पण आईला सांगायचं नव्हतं ते वेगळ्या कारणानं. आमच्या घरी रोज संध्याकाळी दिवेलागणीला आई मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणायची. आम्ही मागून म्हणायचो. त्यातलं पहिलंच शील जीवहत्येपासून दूर राहण्याचं. आमच्याकडे रविवारी मटण व्हायचं, त्याबद्दल बाबा कधी तिची थट्टा करायचे. ती म्हणायची, "मी खाते. खोटं कशाला बोलू? पण मारायला माझा हात लागला नाही, एवढं मला राखू द्या." ती काही वादविवाद करणारी बाई नव्हती. तिनं स्वतःसाठी एक रेघ आखली होती आणि ती त्या रेघेच्या अलीकडे राहत होती. व्हिमकाका शिकार करतात हे तिला माहीत होतं. "त्यांचं ते," म्हणायची. माझं ते असू शकतं, हे तिच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं.

शनिवारी सकाळी ती मला दोन डबे द्यायची, एक माझा, एक काकांचा. मागच्या दारात उभी राहून विचारायची, आज किती पक्षी मोजणार? आणि काका गाडीशी उभे राहून मोठ्यानं म्हणायचे, "सांग तिला, आज आपण रायफल शिकणार." मी वळून आईला सांगायचो, "म्हणतायत, आज बगळे." ती हात हलवायची. काका हात हलवायचे. दोघंही माझ्यावर विश्वास ठेवून एकमेकांकडे बघून हसायचे, आणि त्या दोघांच्या मधे मी उभा असायचो, कोणत्याही बाजूला हलायला जागा नसल्यासारखा. असं किती शनिवार केलं ते मी मोजलेलं नाही. पक्षीही मोजले नाहीत.

माझा बेत साधा होता: नापास व्हायचं. पण मला नापास होता येईना. प्रश्नपत्रिका समोर आली की उत्तरं यायची आणि हात ती लिहायचा. कोरा कागद देऊन उठणं मला घरी कोणी शिकवलंच नव्हतं. कोणतं बदक कोणत्या महिन्यात, रे जातीच्या हरणाच्या शिंगांना किती टोकं, रानात कुत्रा कधी मोकळा सोडायचा, सगळं पाठ. नेमबाजीची परीक्षाही निघाली, कारण तिथल्या रायफली हलक्या होत्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी माझ्या नावाचा परवाना आला. व्हिमकाकांनी केक आणला. आईला मी सांगितलं, पक्ष्यांचं सर्टिफिकेट मिळालं. तिनं साखर-खोबरं वाटलं.

आता एकच सबब उरली होती, आणि ती खरी होती. काकांच्या रायफलीचा धक्का मला सोसत नव्हता. ती त्यांनी रीतसर कागद करून मला वापरायला दिली होती. जुनी, जड दस्त्याची, रानडुकरालाही पुरेल अशी. मी बारीक होतो. चौथ्या-पाचव्या बारानंतर उजव्या खांद्याच्या खोबणीत कोणीतरी मुठीनं मारत असल्यासारखं व्हायचं, आणि मग चाप ओढण्याआधीच माझे डोळे मिटायचे. घरी आलो की खांदा निळा. आईनं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी म्हणालो, सायकलवरून पडलो. दुसऱ्यांदाही तेच म्हणालो. ती हळद आणि तेल कोमट करून आणायची, मला खुर्चीवर उलटं बसवायची, आणि मोडून बसलेल्या मनगटाच्या त्याच हातानं हळूहळू चोळायची. "तुझी सायकल तरी कसली रे," म्हणायची, "सारखा एकाच बाजूला पाडते." मी मान खाली घालून बसायचो. हळदीचा वास आला की आजही माझी मान आपोआप खाली जाते. बायकोला वाटतं मला तो वास आवडत नाही.

मी काकांना खांदा दाखवला. मला वाटलं, आता ते म्हणतील, जाऊ दे, हे तुझं काम नाही. त्यांनी जखम नीट पाहिली, चष्मा काढून पुन्हा पाहिली. पुढच्या शनिवारी त्यांनी मला मैदानावर नेलं आणि रायफल स्वतः भरून हातात दिली. मी नेम धरला, चाप ओढला, आणि नुसता टिक आवाज झाला. आत रिकामं काडतूस होतं. पण बार न होताही नळीचं टोक वीतभर खाली गेलेलं आम्ही दोघांनी पाहिलं. "हा धक्का रायफलीचा नाही," ते म्हणाले. "हा तुझ्या डोक्यातला आहे. चूक माझी आहे. मी तुला मोठ्या माणसाचं काडतूस दिलं." मला तेव्हा रडू आलं होतं. त्यांनी ते दुखण्याचं समजलं.

त्यानंतरचे सहा आठवडे मी आयुष्यात पाहिलेल्या सर्वांत मायाळू गोष्टींपैकी एक आहेत, आणि त्या आठवड्यांत माझा फास आवळत गेला. व्हिमकाका माझ्यासाठी काडतुसं शोधायला लागले. सीमेजवळच्या एका गावात बंदुकांचं दुकान होतं, तिथे ते मला घेऊन गेले. दुकानदाराशी त्यांनी तासभर वाद घातला, आणि मी काउंटरला टेकून ऐकत राहिलो. कमी धक्क्याची काडतुसं म्हणजे काय, तर आत दारू कमी आणि पुढची गोळी हलकी. मागे येणारा जोर कमी होतो. पण नुसतं तेवढं पाहून चालत नाही. दुकानदारानं पहिला डबा दिला तो सर्वांत मऊ होता, खांद्याला कळणारही नाही असा. काकांनी डब्याच्या पाठीवरचे आकडे वाचले आणि तो परत सरकवला. त्या गोळीत शंभर मीटरवर कायद्याला हवा तेवढा जोर उरत नव्हता. हरणासाठी ती वापरताच येत नव्हती. दुसऱ्या डब्यातली गोळी कडक होती. काका म्हणाले, ही वेगानं मारली तर ठीक, पण दारू कमी केली की ती आत जाऊन फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते आणि जनावर दोन दिवस झुडपात पडून मरतं. दुकानदार म्हणाला, पोरगं नवीन आहे, आधी सवय तर होऊ दे. तेव्हा काकांनी माझ्याकडे बोट दाखवून त्याला जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही. "धक्का याच्यासाठी कमी हवा. त्या जनावरासाठी नाही."

शेवटी त्यांनी तीन वेगळे डबे घेतले, मऊ टोकाच्या गोळ्यांचे, कमी वेगातही फुलतील असे. घरी मेणकापडाच्या टेबलावर ते मांडले आणि प्रत्येकावर रंगाचा ठिपका दिला: लाल, हिरवा, पिवळा. मैदानावर मला न दाखवता एकेका ठिपक्याचं काडतूस भरून द्यायचे आणि प्रत्येक बारानंतर विचारायचे, आता कसं वाटलं? मला म्हणायचं होतं, सगळी दुखतात. पण ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, माझ्या पापण्यांकडे बघत होते. पापण्यांना खोटं बोलता येत नाही. हिरव्या ठिपक्याला त्या मिटल्या नाहीत. त्यांनी कागदावरची पाच भोकं काड्यापेटीनं झाकून पाहिली. पाचही झाकली गेली. मग डायरीत लिहिलं. मग दस्त्याच्या टोकाला रबराची जाड गादी बसवली, दस्ता बोटभर कापून आखूड केला. स्वतःच्या बापाची रायफल होती ती. मी म्हटलं, नका कापू. ते म्हणाले, लाकूड आहे. हिरव्या ठिपक्याची गोळी लांबवर लवकर खाली पडते, म्हणून दुर्बीण पुन्हा जुळवली, आणि मला बजावलं की ऐंशी पावलांच्या पलीकडे असेल तर बार करायचा नाही, कितीही मोह झाला तरी. मी दिलेली प्रत्येक सबब ते प्रश्न समजत होते, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शोधून आणत होते. जड आहे म्हटलं तर आधाराची काठी. आवाज मोठा आहे म्हटलं तर कानाला नवीन झाकणं. मी शेवटी सबबी द्यायचं बंद केलं.

कधीकधी वाटतं, त्यांनी जरा दामटलं असतं, चिडले असते, तर मी सुटलो असतो. रागावलेल्या माणसाला सोडून जाता येतं.

ऑगस्टमधल्या एका पहाटे आम्ही ओकच्या झाडांच्या कडेला त्यांच्या मचाणावर बसलो होतो. खाली कापलेलं शेत, त्यावर कमरेएवढं धुकं. काकांच्या डब्यात आईची पोळी होती आणि ती ते आवाज न करता कागदातून सोडवत होते. नर धुक्यातूनच उगवला. रे म्हणजे आपल्या चिंकाऱ्याएवढं हरीण, उन्हाळ्यात तांबूस. तो थांबला, मान वर केली, आमच्या दिशेला पाहिलं, आणि पुन्हा खाली करून खायला लागला. काकांनी पोळी मांडीवर ठेवली आणि माझ्या कोपराला एक बोट लावलं. साठ पावलं. आडवा उभा. मी त्यांना मान हलवून नाही म्हणू शकलो असतो. बोलायचीही गरज नव्हती. मी एवढाच विचार केला की यांनी दस्ता कापला.

धक्का लागलाच नाही. म्हणजे लागला असेल, कोणी पाठीवर हलकी थाप मारावी तसा. माझे डोळे उघडे होते, म्हणून मला सगळं दिसलं. त्याचे पुढचे पाय आधी वाकले. तो कुठेही पळाला नाही. हिरव्या ठिपक्यानं काकांनी सांगितलं होतं तसंच काम केलं होतं. मी वाट बघत होतो की आता खांदा दुखेल, काहीतरी दुखेल, आणि काहीच दुखेना. खाली उतरल्यावर काकांनी ओकची एक डहाळी मोडून त्याच्या तोंडात ठेवली. हा त्याचा शेवटचा घास, असं म्हणाले. दुसरी डहाळी त्यांनी माझ्या टोपीला खोचली आणि स्वतःची टोपी काढून उभे राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, हे माझ्याबरोबर संपणार." त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते. सांगा, त्या क्षणी मी काय सांगणार होतो?

शुक्रवारी त्यांनी मांडीचा तुकडा कागदात बांधून आईला आणून दिला. मी सांगितलं, काकांनी मारलं, आपल्याला दिलंय. आई म्हणाली, मग त्यांना रविवारी जेवायलाच बोलाव. तिनं कांदा-खोबऱ्याचं वाटण स्वतः पाट्यावर वाटलं, पुण्याहून कपड्यांत गुंडाळून आणलेल्या पाट्यावर. ज्वारीच्या भाकऱ्या केल्या. काका रस्सा खाऊन नाक पुसत होते आणि पुन्हा घेत होते. बाबा खुशीत होते. आईनंही खाल्लं; दोन फोडी, मला आठवतात. मग काकांनी काटा खाली ठेवला आणि तिच्याकडे वळले. सावकाश, एकेक शब्द तोलून बोलले. की तुझ्या मुलाचा तुला अभिमान वाटला पाहिजे. की एकाच बारात. की जनावराला काही कळलंसुद्धा नाही. की मी इतकी माणसं पाहिली पण इतका शांत हात पाहिला नाही. बोलून झाल्यावर त्यांनी मला खूण केली, सांग.

मी म्हणालो, "म्हणतायत, मटण फार छान झालंय."

आई हसली. पण काकांना ते हसू पटलं नाही. एवढं मोठं बोलल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे यायला हवं होतं ते आलं नव्हतं. त्यांना वाटलं, मी लाजतोय. मग त्यांनी स्वतःच सांगायचं ठरवलं. पातेल्याकडे बोट केलं. मग माझ्याकडे. मग दोन्ही हात उचलून, एक डोळा मिटून, हवेतली रायफल खांद्याला लावली आणि एक बोट वाकवलं. एकदाच. आणि मोठ्या प्रेमानं माझ्या उजव्या खांद्याला, नेमकं त्या खोबणीत, तळहातानं हलकेच ढकललं, की बघ, आता दुखत नाही.

आई त्या खांद्याकडे बघत राहिली. बाबांनी ताटात बघितलं. कुकरची वाफ उगीच फुसफुसत होती.

"सायकलवरून पडला होतास ना?" ती म्हणाली.

तिनं बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं." मग उठली, काकांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, त्यावर तूप घातलं, आणि स्वतःचं ताट उचलून ओट्यावर ठेवलं. काका माझ्याकडे बघून आनंदानं म्हणाले, कळलं तिला. संध्याकाळी तिनं नेहमीसारखी मेणबत्ती लावली. पहिलं शील म्हटलं आणि थांबली, मी मागून म्हणेन म्हणून. माझ्या तोंडून आवाज फुटेना. ती बराच वेळ थांबली. मग दुसरं म्हणायला लागली.

मला वाटलं होतं ती रडेल, पुण्याला मामाला फोन करेल, निदान मला बोलेल. तिनं यातलं काही केलं नाही. सप्टेंबरात खेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, भाषेच्या वर्गाला तिनं नाव घातलं. चार वर्षं बाबा तिला सांगत होते आणि ती म्हणत होती, सुमेध आहे की. आता आठवड्यातून तीनदा, मोडलेल्या मनगटाची भीती बाजूला ठेवून, ती सायकलवर जायला लागली. स्वयंपाक करताना तोंडानं क्रियापदं पुटपुटायची. काही अडलं तर बाबांना विचारायची, ज्यांचं डच तिच्याहून वाईट होतं. मला विचारायची नाही. मी शेजारी उभा असलो तरी शब्दकोश उघडायची.

नाताळच्या आधी काका आले, चटणी-पोळी खाल्ली आणि डायरी काढली. जानेवारीत माद्यांचा हंगाम सुरू होतो, कोणते दिवस धरू, त्यांनी मला विचारलं. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं होतं. आईनं हात पुसले, त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"व्हिम," ती डचमध्ये म्हणाली. बोलण्यात चार चुका होत्या, पण त्यातलं काही सुटलं नाही; बाबांनी तिला सगळं सांगितलं असणार. "सुमेधला नको आहे. पहिल्यापासून नको होतं. त्याला नको म्हणायची भीती वाटते. त्यानं तुम्हाला खोटं सांगितलं, मला पण खोटं सांगितलं."

काकांनी तिचं संपूर्ण ऐकलं. मग माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे का हे?"

मी हो म्हणालो. त्या वर्षात दोन्ही भाषांत मिळून मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य असेल, आणि तेही आईनं बनवून दिलेलं.

"मग सांगायचं ना, पोरा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. "मी एवढे डबे बदलत बसलो. तुला फक्त नाही म्हणायचं होतं." त्यांनी पेन्सिलीनं डायरीतली ओळ खोडली, नीट, सरळ रेघ मारून. आणि मग आईला विचारलं, सावकाश, तिला कळेल अशा शब्दांत, की चटणी उरली आहे का. ती म्हणाली, आहे.

ते पुढेही येत राहिले, मागच्या दारानंच. पण बोलायचे आईशी. हळू बोलायचे, ती चुकली तर दुरुस्त करायचे, आणि ती त्यांना मराठीतली भाज्यांची नावं शिकवायची. माझ्याशी हवामान बोलायचे. त्यांनी मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा हे त्यांना कळत नसावं. कापलेला दस्ता त्यांनी परत लांब केला नाही. ते गेले तेव्हा मी लायडनला शिकत होतो. आई एकटी अंत्यविधीला गेली आणि तिथे दोन मिनिटं बोलली. काय बोलली, ते मला तिच्या तोंडून ऐकायला मिळालं नाही. त्यांच्या थोरल्या मुलानं सांगितलं की लोक रडले.

बाबांनंतर आई आता माझ्याकडे लायडनला असते. शहात्तर वर्षांची आहे. नातवंडं तिला डचमध्ये उत्तर देतात आणि ती त्यांना मराठीत रागावते, सगळं व्यवस्थित चालतं. त्या गोष्टीबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. ती माझ्यावर प्रेम करते यात मला शंका नाही. मला ताप आला तर अजून रात्रभर दाराशी येऊन बघते. पण मागच्या महिन्यात तिला छातीत धडधडायला लागलं, म्हणून मी ऑफिस सोडून तिला हाउसआर्ट्सकडे घेऊन गेलो. नर्सनं नाव पुकारलं. मीही उठलो. हल्ली तिला कमी ऐकू येतं, डॉक्टर भरभर बोलते, एखादा शब्द निसटू शकतो, असं मी म्हणालो.

"तू बाहेर बस," ती म्हणाली. "माझं मी सांगते."

तिनं कोट काढून माझ्या हातात दिला आणि आत गेली. दार बंद झालं. मी तिचा कोट मांडीवर घेऊन बसलो. आतून तिचा आवाज येत होता, सावकाश, एकेक शब्द तोलून बोलणारा. काय सांगत होती ते काही ऐकू येत नव्हतं.